सीटखालची तार

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवायला नको. पाल दिसली की मी पलंगावर. गॅस पेटवताना तोंड दुसरीकडे. लिफ्टमध्ये एकटी असले तर तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत रामरक्षा. माझे यजमान रेल्वेच्या ऑफिसात आहेत, मूळचे वर्धेकडचे. ते म्हणतात, "तुले ज्याची भीती वाटत नाही असं एक तरी सांग." मी जरा विचार करते आणि म्हणते, "तुम्ही."

अशा बाईच्या पदरात नोकरीनं गवत कापायची गाडी टाकली.

नवा रायपूरमध्ये एका मोठ्या सरकारी संस्थेच्या आवारात मी बगिच्याची सुपरवायझर आहे. पुरानी बस्तीतून रोज सकाळी बसनं जाते. आवार एवढं मोठं की एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. मधे सगळं गवत, आणि शेवटी एक तलाव, दगडी काठाचा. तलावाकडे जमीन उतरती आहे. पूर्वी हे सगळं गवत आसपासच्या गावांतल्या बारा बाया हँसियानं, म्हणजे विळ्यानं, कापायच्या. एका टोकापासून सुरुवात करून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचं गवत परत गुडघ्याला यायचं. मग ती गाडी आली. छोट्या ट्रॅक्टरसारखी, वर बसायला सीट, आणि पोटाखाली दोन पाती. ती पाती फिरायला लागली की दिसत नाहीत, नुसता आवाज येतो.

मला तो आवाज पहिल्या दिवसापासून सोसला नाही. त्याला कारण आहे. माझे वडील इथल्याच रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होते. त्यांच्या उजव्या हाताला तीन बोटं होती. उरलेली दोन मी जन्मायच्या आधीच कारखान्यात राहिली. शाळेत सोडायला यायचे तेव्हा मी त्याच हाताला धरून चालायची आणि मला ते अजिबात विचित्र वाटत नसे. सगळ्यांच्या वडिलांचे हात तसेच असतात असं मला वाटायचं. ते सांगायचे, "मशीन आपल्याले ओळखत नाही पोरी. आपण तिले ओळखून ठेवावं लागते." हे मी तोंडपाठ करून ठेवलं होतं. पाठ असणं वेगळं आणि करणं वेगळं, हे मला फार उशिरा कळलं.

गाडी द्यायला कंपनीचा माणूस आला होता, त्यानं सगळं समजावून सांगितलं. किल्ली इथे, ब्रेक इथे, पाती सुरू करायचा दांडा हा. मग त्यानं सीट उचलून खाली बोट दाखवलं. तिथे एक बटण होतं. माणूस बसला की दाबलं जातं, उठला की सुटतं आणि गाडी बंद पडते. म्हणजे चालवणारा पडला-झडला तरी पाती फिरत राहत नाहीत. त्या सगळ्या गाडीत मला आवडलेली गोष्ट ती एकच. मी त्याच्याकडून दोनदा करून घेतलं, बस, ऊठ, बस, ऊठ. त्याला वाटलं असेल बाईला काही कळत नाही. जाताना त्यानं दोन बोटं जाडीचं इंग्रजी पुस्तक दिलं. ते खराब होऊ नये म्हणून मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं.

गाडी चालवायला ठेकेदाराचा एक माणूस यायचा. तो महिन्याभरात सोडून गेला. एक दिवस अचानक पाऊस आला आणि गाडी मैदानात भिजायला लागली. आम्ही सगळे शेडखालून बघत होतो. बारा बायांतली एक उठली, पदर कमरेला खोचला, जाऊन सीटवर बसली आणि गाडी चालवत शेडमध्ये घेऊन आली. तो माणूस चालवायचा तेव्हा ही गवत कापता कापता बघून शिकली होती. चाळिशीची बाई, काळीसावळी, अंगानं एवढीशी. खताच्या पोत्यांच्या काट्यावर बायांनी तिला एकदा गंमत म्हणून उभं केलं तर अडतीस किलो भरली. त्या पावसाच्या दिवसापासून तिचं नाव गाडीवाली पडलं.

गाडीवालीला मी रीतसर शिकवलं. मीच, जिला गॅस पेटवायची भीती. साडी नको, सलवार-कुर्ता घाल आणि ओढणी बांध. ओलं गवत असेल तर उतारावर जाऊ नको. तोल जातोय वाटलं तर चढाच्या बाजूला उडी मार, खालच्या बाजूला नको. ती सगळ्याला "हव दीदी" म्हणायची आणि करायचीही. बूट मात्र तिच्या मापाचे मिळाले नाहीत. कामगारांचे जाड बूट यायचे ते आठ नंबरपासून पुढे, आणि हिचा पाय चार नंबरचा. तिनं बुटाच्या पुढच्या भागात चिंध्या कोंबल्या आणि घातले. चालायला लागली की टपटप आवाज यायचा आणि बाकीच्या बाया हसायच्या.

पण तिला त्याचं काही नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत एकदा ती मला म्हणाली, "दीदी, मैं अब बइठ के कमाथौं." बसून कमावते. बावीस वर्षं वाकून गवत कापलेल्या बाईच्या तोंडचं हे वाक्य. तिचे गुडघे गेले होते. परत हँसिया धरायची वेळ आली तर ती जेमतेम एखादं वर्ष टिकली असती, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

अडचण एकच होती. ती सीट बनवणाऱ्यानं कोणी धष्टपुष्ट गडी डोळ्यासमोर ठेवून बनवली होती. आमच्या मैदानात खाचखळगे. चाक खड्ड्यात गेलं की गाडीवाली सीटवरून दोन बोटं वर उडायची, बटण सुटायचं आणि गाडी बंद. परत किल्ली, परत सुरू, परत वीस पावलांवर बंद. तासात आठ-दहा वेळा. बाया लांबून ओरडायच्या, "तोर गाड़ी फेर रिसागे!" म्हणजे तुझी गाडी परत रुसली. तिनं मांडीवर खताची पिशवी घेऊन पाहिली, ती घसरून पडली. मी तिला डब्यातल्या पोळ्या जास्तीच्या द्यायला लागले, जसं काही आठवड्याभरात तिचं वजन साठ होणार होतं.

काम मागे पडायला लागलं. आमचे इंजिनियर साहेब काही दुष्ट माणूस नाहीत, पण त्यांना वरून विचारणा होते. एक दिवस आपली कार थांबवून, काच खाली करून मला म्हणाले, "मॅडम, इतनी बड़ी मशीन पर इतनी सी औरत को क्यों बिठाया है? इस महीने देखते हैं, नहीं तो पहली से ठेकेदार का कोई वजनदार आदमी बैठेगा." गाडीवाली माझ्यामागे दहा पावलांवर उभी होती. तिनं ऐकलं. ती जाऊन कापायच्या गाडीचं बॉनेट पुसायला लागली.

अशात विश्वकर्मा पूजा आली.

रायपूरला या पूजेचं किती असतं ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. भनपुरीच्या कारखान्यांपासून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत सगळे त्या दिवशी औजार धुऊन पुसून ठेवतात. काम बंद. मशीन त्या दिवशी देवाचं. आमच्या बगीचा विभागात रीत अशी पडली आहे की मशीनला हार घालायचा, तिच्यावर लाल कापड अंथरायचं आणि त्यावर विश्वकर्म्याची तसबीर बसवायची. त्या दिवशी देवाच्या जागी माणसानं बसायचं नाही, मालक तो. आणि आरती सुरू झाली की मशीन चालू करायची. तिचा आवाज आरतीत मिसळला म्हणजे पूजा पोचली.

आदल्या वर्षापर्यंत ही गाडी नव्हती, हिरवळीच्या एका तुकड्यापुरती हातानं ढकलायची छोटी मशीन होती, तेव्हा प्रश्न आला नाही. या वर्षी तसबीर सीटवर बसवली, सगळी तयारी झाली. मी ड्रॉवरमधलं ते इंग्रजी पुस्तकही आणलं, गाडीपुढे पाटावर ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं. विद्या आहे ती, म्हटलं. साहेब आले, त्यांच्यासोबत चार पाहुणे आले. गुरुजींनी आरती सुरू केली. आमच्या वीज मिस्त्रीनं बाजूनं हात घालून किल्ली फिरवली. गाडी बोलेना. तसबिरीचं वजन ते किती. मिस्त्री हळूच मला म्हणाला, "मैडम, कोई बैठेगा तभी चालू होगी." देवाला उठवून बसणार कोण? साहेब घड्याळ बघत होते. म्हणाले, "अरे चालू करो भाई."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. बटणाच्या दोन तारा एकमेकींना जोडून दिल्या की गाडीला वाटतं कोणी बसलंय, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तो परवानगीसाठी थांबला होता. मी म्हणाले, "जोड दो."

त्यानं लाल कापड उचललं, खाली हात घातला, वीतभर तार दोन टोकांत अडकवली. गाडी सुरू झाली. घंटा, झांजा आणि तो आवाज. सगळ्यांनी हात जोडले. बुंदी वाटली. सीट रिकामी आणि गाडी थरथरत उभी, हे बघून माझ्या अंगावर काटा आला. मी मनात म्हणाले, संध्याकाळी तार काढायला सांगायची. संध्याकाळी मिस्त्री दुसऱ्या इमारतीत गेला आणि माझी बस आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीवाली धावत माझ्या खोलीत आली. त्या बुटांत धावत. "दीदी! आज तो एक घाँव घलो बंद नइ होइस!" आज एकदाही बंद नाही पडली. तिला वाटलं पूजा पावली. चेहरा असा फुलला होता की काय सांगू.

मला तत्क्षणी आठवलं. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. तार जोडलेली आहे, म्हणून बंद पडत नाही. पण तू पडलीस तरीही बंद पडणार नाही. उद्या काढायला लावते. तिचा चेहरा उतरला. जरा वेळ ती ओढणीच्या टोकाशी खेळत बसली. मग म्हणाली, "झन निकालबे दीदी. मैं नइ गिरंव." काढू नको, मी पडणार नाही.

आणि मी काढली नाही.

मी भित्री ना? मग काढायला हवी होती. पण भीती एका जातीची नसते. तार काढली तर पहिल्या तारखेला ती परत हँसिया घेऊन वाकणार, याचीही मला भीतीच वाटत होती. मी दोन भीतींमधली जी लांबची वाटली ती निवडली. महिनाभर जाऊ दे, म्हटलं. साहेबांना काम दिसू दे, मग काढू. त्या आठवड्यात सगळं मैदान कापून झालं. साहेबांनी परत काच खाली केली आणि म्हणाले, "मॅडम, अब ठीक है."

ते दहा-बारा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आवारात पाऊल टाकलं की आधी कान त्या आवाजाकडे. आवाज येत असेल तर वाटायचं, वर कोणी बसलेलं आहे ना? आवाज बंद झाला की वाटायचं, काय झालं? मी उगाच दर तासाला मैदानात चक्कर मारायची. ती लांबून हात वर करायची, मी हात वर करायची. तलावाच्या उतारावर गाडी न्यायची नाही म्हणून मी तिला तीनतीनदा बजावलं. तो भाग बायांनी हातानं कापायचा असं ठरवलं. घरी जेवताना माझा घास हातातच राहायचा. यजमान म्हणाले, "काय विचार करून राहिली तू? काहून एवढी घाबरून राहिली?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मंग काढून टाक ना वो ती तार. दोन मिनिटांचं काम." म्हटलं, काढते. तरी आणखी तीन दिवस गेले.

मग एका सकाळी मी बसमध्येच ठरवलं की आज बस्स. रात्रभर पाऊस झाला होता आणि बसच्या खिडकीतून सगळीकडे चकचकीत ओलं दिसत होतं. मी बसमधूनच मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "ग्यारह बजे आता हूँ मैडम." अकरा. मला एवढं हलकं वाटलं की खाली उतरून मी टपरीवर चहासुद्धा प्याले.

दहा वाजता मी खोलीत हजेरी घेत होते. तलावाच्या बाजूनं एक किंकाळी आली. मग पाच-सहा बायांच्या एकदम. मी उभी राहिले, आणि मला ऐकू आलं ते त्याहून वाईट होतं. गाडीचा आवाज चालूच होता.

किंकाळी आणि मागे तो एकसारखा घर्रर्र. बंद हो, असं मी मोठ्यानं म्हणाले. धावताना सगळा वेळ तेच म्हणत होते, बंद हो, बंद हो. बंद कशी होणार. मीच तर तिला सांगून ठेवलं होतं की सीटवर कोणीतरी बसलंय.

गाडीवाली उताराच्या वरच्या कडेनं चालली होती. उतारावर नव्हे, कडेनं. मागचं चाक ओल्या गवतावर घसरलं. मी शिकवलं होतं तसं तिनं वरच्या बाजूला उडी मारली. गाडी थोडी खाली गेली, तलावाच्या दगडी काठाला अडकली आणि जागच्या जागी फिरून आडवी झाली. ती उठायला गेली. ओलं गवत आणि ते बूट. पाय घसरून ती खाली गेली आणि डावा पाय गाडीच्या पोटाखाली. बायांनी नंतर सांगितलं, उडी मारल्यापासून पाय जाईपर्यंत मधे बराच वेळ होता. एकीनं तेवढ्या वेळात तिच्या नावानं तीन हाका मारल्या होत्या.

मी पोचले तेव्हा बायांनी तिला ओढून बाजूला घेतलं होतं. गाडीजवळ जायची कोणाची हिंमत नव्हती. पाती फिरतच होती. मी गेले. किल्ली आधी उलटी फिरवली. मग बंद झाली. त्या शांततेत पहिल्यांदा तिचं कण्हणं ऐकू आलं. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाली, "दीदी, मैं खाल्हे नइ कूदेंव." मी खालच्या बाजूला उडी नाही मारली. शिकवल्याप्रमाणे केलं, हे ती मला सांगत होती.

आवारातल्या रुग्णवाहिकेतून तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. डाव्या पायाची तीन बोटं गेली. ते म्हणाले, बूट मोठा होता आणि पुढे चिंध्या होत्या म्हणून. बुटाचं टोक आणि चिंध्या आधी गेल्या. मापाचा बूट असता तर अर्धं पाऊल गेलं असतं. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले.

एक गोष्ट लपवून ठेवणं बरोबर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, चौकशी व्हायच्या आधी मी एकटी शेडमध्ये गेले. गाडी ओढून आणून ठेवली होती. सीटखाली तार तशीच. मिस्त्री घाबरून फिरकलाच नव्हता. तार ओढून काढली, नाल्यात टाकली, की संपलं. बटण खराब झालं असेल असं म्हणता आलं असतं. मी सीट उचलली. हात आत घातला. बोटं तारेला लागली आणि मला वाटलं, गाडी आत्ता सुरू होईल. किल्ली खिशात होती तरी वाटलं. मी हात बाहेर ओढला. लोक म्हणतात मी खरं सांगितलं ते चांगलं केलं. खरं म्हणजे मला त्या गाडीत हात घालायची भीती वाटली.

साहेबांनी विचारलं, "इंजन बंद क्यों नहीं हुआ?" मिस्त्री भिंतीकडे बघत होता. मी म्हणाले, तार माझ्या सांगण्यावरून जोडली, आणि काढली नाही तीही मीच. साहेबांना पूजेच्या दिवशी आपण घड्याळ बघितल्याचं आठवत नव्हतं. मीही आठवण करून दिली नाही. मला मेमो मिळाला, लेखी उत्तर द्यावं लागलं, आणि ते मी जसं घडलं तसं दिलं. नोकरी राहिली. त्याचं मला तेव्हा सुखही वाटलं नाही.

मी दर दोन दिवसांनी दवाखान्यात जायची. तिला पायाचं दुःख होतंच, पण ती विचारायची एकच, "मोर गाड़ी कोन चलाही?" माझी गाडी कोण चालवेल? मी सांगायची, कोणी नाही, उभी आहे. ते खरं होतं. साहेबांनी गाडीला कुलूप लावलं होतं आणि कंपनीच्या माणसाला बोलावलं होतं.

तो आला. तोच, ज्यानं मला बस-ऊठ करून दाखवलं होतं. त्यानं तार काढून फेकली आणि विचारलं, "ये क्यों किया था?" मी सांगितलं, पूजा, आणि मग चालवणारीचं वजन अडतीस किलो. त्यानं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. सीट उचलली. बटणाच्या बाजूला स्प्रिंगवर एक काळा चक्का, म्हणजे फिरवायची चकती, होता, बरणीच्या झाकणाएवढा. त्यानं तो हातानं डावीकडे चार-पाच वेळा फिरवला. ना पाना, ना हातोडी. "हल्के आदमी के लिए ढीला करना पड़ता है मैडम. अब बच्चा भी बैठेगा तो बंद नहीं होगी. किताब में लिखा है."

पुस्तक मी खोलीत जाऊन काढलं. पिशवीवर हळदकुंकू तसंच होतं. पिशवी तेव्हा पहिल्यांदा सोडली. इंग्रजी मला येतं, अगदीच येत नाही असं नाही. सुरुवातीच्या पानांतच होतं, चित्रासकट. चक्का, बाण, आणि बाजूला एक बारकी व्यक्ती सीटवर बसलेली. मी ते पान किती वेळ बघत बसले कोण जाणे. वडिलांचं वाक्य मला आठवलं आणि मी पुस्तक मिटून टाकलं.

गाडीवाली पाच महिन्यांनी कामावर आली. मी साहेबांशी भांडून तिची जागा ठेवली होती. भांडले म्हणजे हात जोडून रडले, पण माझ्यासाठी ते भांडणच. तिच्यासाठी चार नंबरचे बूट मी शोधून आणले, डाव्याच्या टोकात कापूस भरला. ती थोडी लंगडत गाडीजवळ आली, सीटला हात लावून कपाळाला लावला आणि बसली. खड्ड्यांतून एक फेरी मारून आली. गाडी एकदाही बंद पडली नाही. मग मी म्हणाले, ऊठ. ती उठली. बंद. बस. ऊठ. बंद. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघी हे करतो आणि मगच गाडी मैदानात जाते. बाया म्हणतात, दीदीची पूजा चालली आहे. नंतरच्या विश्वकर्मा पूजेला तसबीर सीटवर बसली, आरती झाली, आणि गाडी मी सुरू करू दिली नाही. गुरुजी नाराज झाले. झाले तर झाले.

त्या चक्क्याचं मात्र मी तिला काही सांगितलं नव्हतं. कंपनीच्या माणसानं गाडी नीट केली, एवढंच म्हणाले होते. मला वाटलं, निभावलं.

परवाच्या सकाळची गोष्ट. तिनं गाडी पुसताना सीट उचलली आणि खाली वाकून बघत राहिली. मग मला हाक मारली. काळ्या चक्क्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं. फिरवून दाखवलं. इकडे जाड माणसासाठी, इकडे तुझ्यासाठी. तिनं स्वतः फिरवून पाहिला. किती सहज फिरतो याचं तिला नवल वाटलं. मग वर न बघता म्हणाली, "ए चक्का तब घलो रिहिस का, दीदी?"

हा चक्का तेव्हाही होता का?

पाल, लिफ्ट, गॅस, सगळं आयुष्यभराचं घाबरणं त्या प्रश्नापुढे काहीच नव्हतं. मी तिच्या बुटाकडे पाहिलं.

"हव," मी म्हणाले. "होता."

तिनं सीट खाली केली, त्यावर बसली आणि किल्ली फिरवली. मग, आज मी 'ऊठ' म्हणायच्या आधीच, उठून उभी राहिली. गाडी बंद झाली. ती परत बसली नाही, तशीच उभी राहिली, माझ्याकडे बघत.